पदकावरची दोन सालं



आपल्या संग्राहकांपैकी बहुतेकांची सुरुवात शिवराईने झाली. तरी आज मी नाण्यांविषयी नव्हे, पदकांविषयी बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळातल्या. नाण्यावरचं साल साधारणपणे ते पाडल्याचं असतं. पदकावरचं साल असतं घटनेचं. ते टांकसाळीतून कधी बाहेर पडलं, हे आपल्यालाच हुडकावं लागतं, आणि संग्राहकाचा खरा कस तिथेच लागतो असं मी मानतो.

‘लिबर्तास अमेरिकाना’ हे पदक घ्या. दर्शनी बाजूला वाऱ्यावर केस मोकळे सुटलेली स्वातंत्र्यदेवी, मागे काठीवर टोपी, खाली ४ जुलै १७७६ ही तारीख. प्रत्यक्षात पदक पाडलं गेलं १७८३ मध्ये, तेही पॅरिसला. कल्पना तिथले अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन यांची, कोरीव काम ओग्युस्तँ द्युप्रे यांचं. पाठची बाजू भिंगाखाली धरा. बाळ हर्क्युलिस दोन्ही मुठींत दोन साप आवळतो आहे. हे साप म्हणजे साराटोगा आणि यॉर्कटाउन इथे शरण आलेल्या दोन इंग्रज फौजा. त्या शरणागतींच्या तारखा खाली कोरल्या आहेत. बाळावर इंग्लंडचा बिबट्या झेपावतो आहे आणि मिनर्व्हा देवी मध्ये ढाल धरून उभी आहे. त्या ढालीवर फ्रान्सची कमळफुलं आहेत. सगळा अर्थ त्या ढालीत आहे. फक्त १७७६ वाचणाऱ्याला हे स्वातंत्र्याच्या घोषणेचं पदक वाटेल. १७८३ ध्यानात घेतलं, की ते फ्रान्सचे जाहीर आभार मानणारं पदक आहे हे कळतं. सोन्याची दोन पदकं फ्रान्सच्या राजाराणीला गेली, ती उगाच नव्हे.

दुसरं पदक जॉर्ज वॉशिंग्टनचं. इंग्रजांनी १७ मार्च १७७६ ला बॉस्टन सोडलं आणि आठवड्याभरात, २५ मार्चला, काँग्रेसने सुवर्णपदकाचा ठराव केला. युद्ध चालू, तिजोरी रिकामी. पदक हातात पडायला १७९० उजाडलं. मधल्या काळात, १७८५ मध्ये, शिल्पकार हूदाँ फ्रान्सहून वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरी जाऊन त्याचा चेहरा घडवून आला होता. द्युव्हिव्हिए यांनी पदकावर कोरला तो हाच चेहरा. म्हणजे १७७६ च्या विजयावर जवळजवळ दशकभर उशिराचा माणूस आहे! मूळ सुवर्णपदक बॉस्टनच्या नागरिकांनी १८७६ मध्ये विकत घेऊन शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिलं. शहराने असं वागावं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

याच पदकाच्या तांब्याच्या प्रती पॅरिसच्या टांकसाळीने पुढेही पाडल्या, फिलाडेल्फियानेही नव्या ठशांवरून पाडल्या. ओळखायच्या कशा? कड बघा. पॅरिसने १८३२ पासून कडेवर बारीक खुणा मारायला सुरुवात केली. आधी दिवा, मग नांगर, मग जहाजाचं नाकाड, १८४५ पासून रोखलेलं बोट, १८६० पासून मधमाशी, १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. खूण नसेल तर घाईने ‘मूळ’ म्हणू नका. ठशाची भेग, धातूचा रंग, जाडी, वजन सगळं पडताळा. आणि मधमाशीवाली प्रत सापडली म्हणून हिरमुसू नका. ती खोटी नाही. त्या पिढीलाही हे पदक हवंसं वाटत होतं, याची ती साक्ष आहे. खोटं असतं ते फक्त तिला अठराव्या शतकातली म्हणून विकणं.

डॅनियल मॉर्गनच्या पदकाचं तर आगळंच. त्याने जिंकलेली काउपेन्सची लढाई १७८१ ची. मूळ सुवर्णपदक १८१८ मध्ये पिट्सबर्गच्या एका बँकेतून चोरीला गेलं. काँग्रेसने १८३६ मध्ये नवं देण्याचा ठराव केला आणि पॅरिसच्या बार यांनी नवे ठसे कोरले. द्युप्रेची रचना, पण हात दुसरा.

पदकं घासू नका, हे मी कितीदा सांगितलं असेल! चिंच-मीठ देवघरातल्या तांब्याला लावा. तांब्यावरचा जुना तपकिरी रंग एकदा गेला की परत येत नाही. राष्ट्राध्यक्ष जेफरसनची मुद्रा असलेली शांतिपदकं मूळ रहिवाशांच्या म्होरक्यांनी गळ्यात घातली. त्यांची झीज हाच त्यांचा इतिहास.

आता आपल्या दाराशी येतो. वॉशिंग्टनच्या सरकारने शेतकरी, मेंढपाळ आणि घरचं सूत-विणकाम अशी तीन दृश्यं असलेली पदकं करून घेतली. साल १७९६, पण तयार झाली १७९८ मध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या बोल्टनच्या सोहो टांकसाळीत. ठसे कोरले क्युख्लर यांनी. मुंबई इलाख्याचे तराजूवाले १७९१ चे तांब्याचे पैसे आपल्यापैकी अनेकांकडे आहेत, ते त्याच सोहोचे. टिपूच्या वाघावर इंग्रजांचा सिंह बसलेलं श्रीरंगपट्टणचं पदकही क्युख्लरचंच. त्यावर ४ मे १७९९ ही तारीख आहे, पण पदकं पाडली गेली नंतर, काही सोहोत, काही कलकत्त्याला. त्या मोहिमेत मुंबईची फौजही होती, तेव्हा ही पदकं आपल्याकडच्या जुन्या पेट्यांतून निघू शकतात.

म्हणून एक सूचना मांडतो आणि थांबतो. पुढच्या संमेलनाच्या प्रदर्शनात प्रत्येक पदकाच्या चिठ्ठीवर दोन सालं लिहावीत, घटनेचं आणि पाडल्याचं. दुसरं ठरलं नसेल तर ती जागा कोरी सोडावी आणि खाली कडेचं वर्णन द्यावं. पदक ज्याच्याकडून आलं, त्याचं जुनं पाकीटही शेजारी ठेवावं.