आंटींच्या घरातला दिवा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं, "शाळा सोडल्यावर शिकलेली एकच गोष्ट सांगायची, आणि दहा मिनिटांत." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून सगळ्यांना वाटलं, ही आता कॉम्प्युटरवर बोलणार. मी बोलणार आहे पारशी लोकांबद्दल. मागून हसू आलं, ऐकलं मी. हसा खुशाल. १९९५ साली दहावीच्या वर्गात मला कुणी विचारलं असतं, तर मीही सिनेमातला, जुनी मोटार ढकलणारा बावाजीच सांगितला असता. वडगावात मी एकही पारशी पाहिलेला नव्हता.

इंजिनिअरिंगला पुण्यात प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. कॅम्पातल्या एका पारशी आजींकडे खोली मिळाली. चार वर्षं मी तिथे राहिले. त्यांना मी आंटी म्हणायचे, त्या मला डिकरी.

पहिल्याच रात्री मी घोटाळा केला. तसबिरीपुढे काचेच्या पेल्यात तेलावर एक वात तेवत होती. रात्री पाणी प्यायला उठले, वाटलं आजी विसरल्या, तेल वाया चाललंय. फुंकर मारून विझवला. सकाळी आंटी त्या पेल्यासमोर गप्प उभ्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमच्यात अग्नीला तोंडचा वारा लागू देत नाहीत." अग्यारीतले पुजारीसुद्धा अग्नीपुढे बसताना तोंडावर पांढरं फडकं बांधतात. मला माझी आजी आठवली. ती म्हणायची, दिवा तोंडानं फुंकू नये, पदरानं मालवावा. दोन म्हाताऱ्यांचा नियम एकच निघाला आणि तो मोडणारी शिकलेली पोर मी.

पारशी आगीची पूजा करतात एवढंच आपण ऐकलेलं असतं. आंटींना ते आवडायचं नाही. देव एकच, अहुर मझ्द, आणि अग्नी ही त्याची खूण. तोंड उजेडाकडे करून प्रार्थना करायची, इतकंच. झरथुष्ट्रानं सांगितलेलं सगळं तीन शब्दांत येतं: हुमत, हुख्त, हुवर्श्त. चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगलं काम. जगात सत् आणि असत् यांची झुंज चालू आहे आणि कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

मुलगा असो वा मुलगी, नवजोत दोघांचीही होते. आपल्याकडे मुंज फक्त मुलाची, म्हणून मला हे विशेष वाटलं. त्या दिवसापासून अंगात पांढरा मलमलीचा सुद्रा आणि कमरेला तीन वेढ्यांची कुस्ती. कुस्ती लोकरीच्या ७२ धाग्यांची असते, कारण यस्न या ग्रंथाचे अध्याय ७२. सुद्र्याला गळ्याशी एक इवलासा खिसा असतो. आंटी म्हणायच्या, "हा सत्कर्मं साठवायचा. बघ, अजून रिकामाच आहे."

माझ्या कामाच्या दृष्टीनं सर्वांत गमतीचं म्हणजे त्यांचं पंचांग. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटी पाच दिवस. लीप वर्ष नाही. त्यामुळे वसंतातलं नववर्ष सरकत सरकत ऑगस्टात आलं. एका पंथानं मध्ययुगात एकदा एक महिना जास्तीचा धरला, दुसऱ्यानं नाही, म्हणून शहेनशाही आणि कदमी नववर्षांत महिन्याचं अंतर. तारखांचा हिशेब चुकला म्हणून रात्र-रात्र जागलेल्या बाईला हे ऐकून फार धीर आला! नववर्षाच्या आधी मुक्तादचे दिवस. तेव्हा गेलेली माणसं घरी येतात अशी श्रद्धा. त्यांच्यासाठी फुलं मांडतात. आपला पितृपंधरवडाच जणू.

संजाणच्या राजाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इराणातून आलेल्यांना राजानं काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, म्हणजे इथे जागा नाही. त्यांनी त्यात साखर विरघळवून परत दिला. १५९९ साली लिहिलेल्या 'किस्से संजाण'मध्ये ही साखर नाही. ती लोकांच्या तोंडी वाढलेली गोष्ट. पण ऊस पिकवणाऱ्या गावची म्हणून मला ती आवडते. आणि ती साखर आपल्यापर्यंत पोचलीही आहे. पुण्यात बंडगार्डनजवळचा बंधारा १८५० साली झाला, तो बहुतांशी सर जमशेटजी जीजीभाईंच्या पैशातून. त्या बंधाऱ्यावरून पडणारं मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळतं आणि मग आपल्या घाटाखालून जातं.

पण विरघळलेली साखर दिसेनाशी होते. १९४१ साली देशात सुमारे १ लाख १४ हजार असलेले पारशी २०११ च्या जनगणनेत ५७,२६४ उरले. त्यातले सुमारे ४५ हजार आपल्या महाराष्ट्रात. लग्नं उशिरा, मुलं कमी, पुष्कळ जण परदेशी.

शिवाय एक जुनी गाठ आहे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात पारशी कोण याची चर्चा झाली. तेव्हापासून पारशी बापाची मुलं पारशी धरतात. आई पारशी आणि बाप बाहेरचा असेल, तर बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. आंटींच्या मुलीनं एका मराठी मुलाशी लग्न केलं. नातवाची नवजोत करायला ओळखीचा कुणी पुजारी तयार होईना. मी आंटींना अग्यारीच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे, कारण परधर्मीयांना आत प्रवेश नाही. पुढे त्या बाकावर माझ्याशेजारी त्यांचा नातूही बसू लागला. सुखडाचा वास त्याच्यापर्यंत यायचा, तो मात्र आत जाऊ शकायचा नाही.

मी तावातावानं बोलले, "आंटी, हा अन्याय आहे." त्यांनी विचारलं, "डिकरी, तुझ्या गावात मुलगी बापाला अग्नी देते?"

मला उत्तर देता आलं नाही. काही वर्षांनी वडील गेले. मी एकुलती एक. अग्नी चुलतभावानं दिला. मी बायकांमध्ये मागे उभी होते. कुणी मला अडवलं नाही, कारण मी विचारलंच नाही. दुसऱ्यांच्या देवळाचं दार उघडा म्हणणं सोपं असतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्यातली दारं थोडी हलतायत. २०१७ च्या अखेरीस पुण्यात कोंढव्याला 'आशा वहिश्त' हे केंद्र सुरू झालं. तिथे धर्माबाहेर लग्न केलेल्यांना आणि त्यांच्या मुला-जोडीदारांनाही जाता येतं. सनातनी मंडळींना ते मान्य नाही. त्यांचं भय खोटं म्हणवत नाही. हजार वर्षं जपलेली गोष्ट आपल्या हातून निसटेल हे भय आहे. आंटी एकदाच तिथे गेल्या, नातवाचा हात धरून.

आता शेवटची गोष्ट, ती आपल्या गावाची. पारशी अग्नी, पाणी, माती तिन्ही पवित्र मानतात. म्हणून प्रेत जाळायचं नाही, पुरायचं नाही; दख्म्यात उघड्यावर ठेवायचं, ऊन आणि गिधाडं आपलं काम करतात. आठवतं का, ओढ्यापलीकडच्या माळावर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची? दोन दिवसांत नुसता सांगाडा. मी कॉलेजातून सुट्टीला यायचे, तेव्हा ती दिसेनाशी झाली होती. उरली फक्त कुत्री. कारण २००४ साली कळलं. जनावरांची सूज-ठणक उतरवायला दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं, की ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर शंभरातली नव्वदहून जास्त गिधाडं संपली होती. आपल्या गोठ्यातल्या सुईनं मलबार हिलवरच्या दख्म्याचं आभाळ रिकामं झालं.

मग काही पारशी दहनाकडे वळले. वरळीच्या स्मशानात २०१५ पासून त्यांच्यासाठी प्रार्थनागृहही आहे. आंटी मात्र म्हणायच्या, "जन्मभर जिला जपलं त्या आगीत स्वतःचं प्रेत कसं घालू? गिधाडं नसली तरी ऊन आहे ना."

सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. शेवटच्या प्रार्थना सुरू होण्याआधी मी चेहरा पाहिला, मग बाहेर येऊन बसले. शेजारी त्यांचा जावई. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दोघं-दोघं, मध्ये रुमाल धरून, त्यांच्यामागे चालत गेली. चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिन्वत पूल ओलांडतो म्हणतात. त्या पहाटे मी माझ्या स्वयंपाकघरात पेल्यात वात लावली.

आपल्यातले कितीतरी जण आजही गाई-म्हशी सांभाळतात. त्यांना एक विनंती. जनावराला सुजेचं इंजेक्शन देताना डॉक्टरांना नाव विचारा. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही बंदी आली आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, ते मागा. आंटींच्या सुद्र्याच्या खिशात माझ्याकडून टाकायला मला एवढंच सुचतं.

बाई, सर, तुम्ही आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलंत. एकदा मी तो वेळेवर विचारला नाही. माझ्या मुलीला मात्र सांगून ठेवलंय, माझ्या वेळी तू पुढे उभी राहायचंस.