लिनक्सवर वायफाय लागत नाही तेव्हा

(रेडिओवरील भाषण)



14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट बंद झाले. घरोघरी असे लॅपटॉप आहेत की ज्यांचा कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क सगळं धडधाकट आहे, पण ते विंडोज 11 घेत नाहीत. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाका, उबुंटू टाका, मिंट टाका, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबर सांगतात. लोक हौसेने टाकतातही. स्क्रीन उजळते, आवाज येतो, मराठी टाईप होतं. फक्त वायफाय लागत नाही. मग “लिनक्स आपल्यासाठी नाही” असं म्हणून लॅपटॉप पुन्हा कपाटात जातो. मला या अडचणीबद्दलच बोलायचं आहे, कारण ती बहुतेक वेळा सुटणारी आहे आणि नेमकं काय बिघडलंय ते मशीन स्वतःच सांगत असतं. त्याला विचारायचं कसं, एवढंच माहीत हवं.

पहिली पंचाईत अशी, की वायफायसाठी लागणारी फाईल इंटरनेटवर असते आणि इंटरनेटसाठी वायफाय लागतं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली ही गत. हिच्यावर उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन तारेने जोडलेलं नेटवर्क वाटतो आणि इंटरनेट सुरू होतं. केबल मात्र डेटा नेणारी हवी. काही स्वस्त केबल नुसतं चार्जिंग करतात.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि लिहा: आरएफकिल लिस्ट. हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये एक जागा सोडून. उत्तरात वायरलेस लॅनच्या खाली दोन ओळी येतात, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. सॉफ्टपुढे येस असेल, तर वायफाय सॉफ्टवेअरने बंद केलेलं आहे. आरएफकिल अनब्लॉक वायफाय असं लिहिलं की मोकळं होतं. हार्डपुढे येस असेल, तर कितीही कमांड दिल्या तरी उपयोग नाही. लॅपटॉपच्या कडेला छोटी सरकती कळ असेल किंवा वरच्या ओळीत अँटेनाचं चित्र असलेलं बटण असेल, ते बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये ही कळ बॅगेत घासूनसुद्धा सरकते.

दोन्हीकडे नो असेल, किंवा वायरलेसचं नावच येत नसेल, तर आत कोणतं कार्ड आहे ते विचारायचं. कमांड आहे एलएसपीसीआय, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि दोन एन. येणाऱ्या यादीत नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते. पहिली चार कंपनी सांगतात, पुढची चार नेमकं कार्ड. 8086 म्हणजे इंटेल. 1978 साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा आकडा. 10ईसी म्हणजे रिअलटेक, 168सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, आणि 14ई4 म्हणजे ब्रॉडकॉम. ही जोडी वहीत लिहून ठेवा. कुणाचीही मदत मागताना लॅपटॉपचं मॉडेल सांगण्यापेक्षा ही आठ अक्षरं सांगा, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी कार्डं घालतात.

इंटेल आणि अ‍ॅथेरॉस सहसा त्रास देत नाहीत. ब्रॉडकॉमची गोष्ट वेगळी आणि थोडी सविस्तर सांगण्याजोगी. या कंपनीने आपल्या चिप कशा चालतात याची माहिती लिनक्सवाल्यांना दिली नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांनी कामाची वाटणी केली. एका गटाने कंपनीचाच बंद ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, तपासून चिप कशी चालते याचं नुसतं वर्णन लिहिलं, आणि दुसऱ्या गटाने केवळ ते वर्णन वाचून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे कुणाची नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. हा ड्रायव्हर 2006 साली लिनक्सच्या गाभ्यात आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो 2010 मध्ये, आणि तोही काही नव्या चिपपुरता. या माणसांनी हे काम केलं नसतं, तर त्या काळातले कितीतरी लॅपटॉप लिनक्सवर वायफायविनाच राहिले असते. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

मग अजून अडतं कुठे? फर्मवेअरपाशी. चिपच्या आत चालणारा एक छोटा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना चिपमध्ये भरावा लागतो. तो कंपनीच्या मालकीचा, म्हणून डेबियन हे लिनक्स बनवणाऱ्या, तत्त्वाला जपणाऱ्या मंडळींनी तो बरीच वर्षं आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये घेतला नाही. 2022 मध्ये त्यांनी मतदान केलं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून तो सोबत यायला लागला. तत्त्व सोडलं अशी टीका झाली. मला मात्र निर्णय योग्य वाटतो, कारण नेटच लागलं नाही तर नवा माणूस खुल्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचणार कसा? तुमच्याकडे फर्मवेअर नसेल तर सुडो डीएमईएसजी या कमांडच्या उत्तरात फर्मवेअर हा शब्द शोधा. कोणती फाईल मिळाली नाही, तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. उबुंटूत अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स आणि मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडलं, की ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बहुधा समोरच दिसतो.

तो घेताना सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सोय, चालू असेल, तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या बूटला निळा पडदा येतो. घाईने कंटिन्यू दाबू नका. एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्या, नाहीतर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

वायफाय लागतं पण सारखं तुटतं, अशीही तक्रार असते. उबुंटूत वीज वाचवण्यासाठी वायफायला डुलकी घ्यायला लावणारी एक सेटिंग असते, वायफाय डॉट पॉवरसेव्ह. तिथला 3 काढून 2 करा आणि नेटवर्क मॅनेजर पुन्हा सुरू करा.

यूएसबीचं वेगळं वायफाय घेणार असाल, तर डब्यावरच्या “लिनक्सवर चालतं” या शब्दांवर विसंबू नका. त्याचा अर्थ पुष्कळदा ड्रायव्हर तुम्ही स्वतः बनवा आणि दर अपडेटनंतर पुन्हा बनवा, असा असतो. दुकानदाराला आतल्या चिपचं नाव विचारा आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे का ते बघूनच पैसे द्या.

आणि ज्यांनी अजून लिनक्स टाकलेलं नाही, त्यांना एक विनंती. पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर इन्स्टॉल न करताही ते वापरून पाहता येतं. तिथे आधी आपल्या घरचं वायफाय जोडा, एखादं पान उघडून बघा, आणि मगच डिस्क पुसा.