खुराड्याची जमीन कशी असावी?



परसातल्या कोंबड्यांचं आरोग्य खुराड्याच्या जमिनीवर अवलंबून असतं. जमीन ओली राहिली की अमोनियाचा उग्र वास साठतो, पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात आणि रक्ती हगवण झपाट्यानं पसरते.

म्हणून खुराड्याची जमीन अंगणापेक्षा फूटभर उंच घ्या. मुरूम धुमसून त्यावर सिमेंटचा कोबा करा आणि दाराकडे थोडा उतार ठेवा. कोबा असला की घुशींना खालून पोखरता येत नाही आणि धुणंही सोपं जातं. शहाबादी फरशी बसवणार असाल, तर सांधे नीट भरून घ्या.

या पक्क्या जमिनीवर तीन-चार इंच कोरड्या भाताच्या तुसाची गादी पसरा. आठवड्यातून एकदा-दोनदा ती खालीवर करा. पाण्याच्या भांड्याजवळचं ओलं तूस रोजच्या रोज काढा. मूठभर तूस दाबून पाहा. त्याचा गोळा झाला, तर ओल जास्त आहे असं समजा. मग पक्षी बाहेर सोडून गादीत थोडी चुन्याची फक्की मिसळा.

नवे पक्षी आणण्यापूर्वी जुनी गादी पूर्ण काढा, कोबा धुऊन वाळवा. काढलेली गादी नीट कुजवली, की शेताला उत्तम खत मिळतं.