सामाईक म्हणजे नेमकं कुणाचं?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



कुरण, रान, खाडी सगळ्यांची असली की ती उजाड होणारच, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं. सामाईक हक्क मोडू पाहणाऱ्यांना ते सोयीचंच होतं. लोक स्वतः नियम करून अशी साधनं पिढ्यान्‌पिढ्या राखतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं. पण नियम करणारे हे ‘लोक’ कोण? आफ्रिकेतली तीन ठिकाणं पाहू.

इथिओपियाच्या डोंगरमाथ्यावर ग्वासाचं गवताळ रान आहे. छपराचं गवत, जळण, चराई सारं तिथलंच. ‘केरो’ पद्धतीत ते तीन ते पाच वर्षं बंद ठेवत. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होई. रान टिकलं, पण हक्क दोन मूळपुरुषांच्या वंशजांनाच. १९७५ च्या जमीन सुधारणेने ही पद्धत संपली आणि राखणही ढिली पडली. वंशाचा हक्क गेला, पण त्या जागी सगळ्यांची व्यवस्था लगेच उभी राहिली नाही.

केनियात मासाई पशुपालकांची कुरणं १९६८ च्या कायद्याने गटांच्या नावे नोंदली गेली. नोंदवहीत बहुतेक कुटुंबप्रमुख पुरुष. १९८० नंतर अनेक कुरणांची वाटणी झाली, तेव्हा वाटेही मुख्यतः त्यांनाच मिळाले. दूध काढणारी, पाणी-जळण आणणारी, घरसुद्धा बांधणारी बाई कागदावर नव्हतीच. २०१६ च्या सामुदायिक जमीन कायद्याने लग्न होऊन आलेल्या स्त्रीलाही सदस्यत्व दिलं. जमीन विकायला नोंदलेल्या प्रौढ सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. म्हणूनच नोंदवहीत नाव असणं महत्त्वाचं.

गांबियात बांजुलजवळच्या तान्बी खारफुटीत बायका कालवं काढतात. २००७ मध्ये त्यांनी ‘ट्राय’ ही संघटना बांधली. कालवं वाढावीत म्हणून बंदीचा काळ त्यांनीच लांबवला. २०१२ मध्ये सरकारने तिथली कालवं-शिंपल्या काढण्याचा खास हक्क संघटनेला दिला. राबणाऱ्या हातांनीच इथे नियम केले.

तेव्हा ‘गावाने ठरवलं’ असं कुणी म्हणालं की विचारा: नोंदवहीत कुणाची नावं आहेत? बैठक बायकांच्या कामाच्या वेळी तर ठेवली नव्हती ना? रान बंद झाल्यावर मोळीसाठी लांबवर कोण चालत जाणार? ज्या बाईला ही बंदी पाळायची आहे, ती ठरवताना तिला विचारलं होतं का?