बटणामागच्या दोन तारा

मुलगा दूरच्या शहरात किंवा परदेशात आणि आई-वडील चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदुरात, असं चित्र सिमेंट कारखान्यांच्या या गावात अनेक घरांत दिसतं. सुटीला येताना मुलगा कॅमेऱ्याची घंटी घेऊन येतो. फाटकाशी कोण उभं आहे ते आईला फोनवर दिसावं आणि आतली जुनी ‘डिंग-डाँग’ही पूर्वीसारखी वाजावी, एवढंच त्याला हवं असतं. खोक्यातल्या चित्रात सगळं सोपं असतं: जुनं बटण काढा आणि त्याच दोन तारा नव्या घंटीला जोडा.

हात थांबवायचा तो इथे. ते चित्र अमेरिकेतल्या घराचं आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाच्या दारावर बटणामागे साधारण १६ ते २४ व्होल्ट असतात. घरातली १२० व्होल्टची वीज एक छोटा ट्रान्सफॉर्मर तेवढी उतरवून देतो. आपल्याकडचं बेलचं बटण ट्यूबलाइटच्या बटणाचंच भावंड. बोर्डातून २३० व्होल्टचा फेज बटणात येतो, तिथून आतल्या घंटीत जातो आणि घंटीतून न्यूट्रलला मिळतो. १६-२४ व्होल्टचं यंत्र त्या दोन तारांना जोडलं, तर बटण दाबण्याआधीच त्याच्यावर जवळजवळ सगळे २३० व्होल्ट येतात. यंत्र जळणं हे त्यातलं लहान नुकसान. लोखंडी फाटक, आषाढातली झड, ओली भिंत, अनवाणी पाय आणि बोटाखाली प्लास्टिकच्या पातळ कवचाआड फेज, हे मोठं भय आहे. कॅमेरा बसवायचा नसला, तरी पावसात भिजणाऱ्या खांबावरचं २३० व्होल्टचं बटण बदलूनच घ्यावं.

आतली घंटी उघडून पाहिली की तिची कारागिरी कळते. बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्यात सरकणारा लोखंडी दट्ट्या, एक स्प्रिंग आणि दोन बाजूंना दोन पट्ट्या. बटण दाबलं की वेटोळ्यातलं चुंबकत्व दट्ट्याला खेचतं आणि तो एका पट्टीवर आदळतो: डिंग. बोट उचललं की स्प्रिंग त्याला दुसऱ्या पट्टीवर फेकते: डाँग. गडचांदुरात त्या दट्ट्याच्या नळीत धूळ बसते, दट्ट्या अडखळतो आणि ‘डाँग’ हरवतो. अशा वेळी वीज बंद करून नळी कोरड्या कापडाने पुसावी. तेल घालू नये, कारण तेलाला धूळ आणखी चिकटते. विजेच्या चुंबकत्वाने घंटी वाजवण्याची ही कल्पना अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रींची. १८३१ साली त्यांनी मैलाहून लांब तारेच्या टोकाला घंटी वाजवून दाखवली होती.

कॅमेऱ्याची घंटी या रचनेत चतुराईने शिरते. साध्या बटणाला वीज लागत नाही, कॅमेऱ्याला मात्र चोवीस तास लागते. तो ती आतल्या घंटीच्या वेटोळ्यातूनच थोडी थोडी ओढतो, दट्ट्या हलणार नाही इतकी कमी. कोणी बटण दाबलं की तो दोन्ही तारा आतून एकत्र जोडतो आणि पूर्ण प्रवाह वेटोळ्यात जाऊन घंटी वाजते. पण त्या क्षणी कॅमेऱ्याला स्वतःला वीज उरत नाही. तेवढा वेळ त्याने आत साठवलेल्या शिदोरीवर काढायचा. आतली घंटी सतत गुणगुणत असेल किंवा बटण दाबताच कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर दोष बहुधा या वाटणीत असतो. म्हणूनच अनेक कंपन्या आतल्या घंटीपाशी लावायला एक छोटी डबी देतात. कंटाळा करून ती खोक्यातच ठेवू नये.

आपल्या घरात हे नीट करायचं, तर आधी एमसीबी खाली करायचा आणि फाटकाकडे जाणाऱ्या दोन्ही तारा २३० व्होल्टपासून पूर्ण सोडवायच्या. मग घंटीजवळ, बंद डबीत, दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. अमेरिकेहून आलेला चालणार नाही. तो १२० व्होल्टसाठी असतो, इथे जळेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘बारा-शून्य-बारा’ मागितला की दोन टोकांत २४ व्होल्ट मिळतात. मधली तार टेप लावून सोडून द्यायची. मात्र भार नसताना तो २४ पेक्षा जास्त दाखवतो, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर लावावा आणि यंत्राच्या मर्यादेशी आकडा ताडून पाहावा. जुनी २३० व्होल्टची घंटी एवढ्याशा विजेवर वाजणार नाही, तिच्या जागी कमी व्होल्टची डिंग-डाँगच घ्यावी लागते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

फाटक तीस मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन साठ मीटर तार होते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत अर्ध्या अँपिअरला एक व्होल्टहून थोडं जास्त गळतं. १६ व्होल्टमध्ये ते जाणवतं, तार जाड घेतली की कमी होतं.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पश्चिमेच्या उन्हातला खांब त्याहून तापतो. म्हणून यंत्राची तापमानमर्यादा वाचून घ्यावी, वर पत्र्याची लहान छत्री ठोकावी आणि काच आठवड्याला पुसावी. वीज गेली की घंटी आणि वाय-फाय दोन्ही गप्प होतात, तेव्हा वाजवायला फाटकाची कडी जपून ठेवावी.

वायरमनने दुपारी बटण दाबून ‘झालं’ म्हटलं, तरी घरच्यांनी दिवेलागणीनंतर पुन्हा दाबून पाहावं. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते. त्या वेळी आत डिंग आणि डाँग दोन्ही वाजले आणि आईच्या फोनवरचं चित्र तुटलं नाही, तर जोडणी बरोबर आहे.