मनातला पूर



२०१९ च्या ऑगस्टात आपल्या पंचगंगेला महापूर आला. पाणी ओसरलं. पण अशा संकटानंतर काही माणसांच्या मनातलं पाणी ओसरत नाही. पावसाचा आवाज आला की छाती धडधडते. रात्री दचकून जाग येते. लोक म्हणतात, बाधा झाली. मग अंगारा लावतात. आम्हांला हे पटत नाही. ही मनाला झालेली जखम आहे, आणि तिच्यावर इलाज आहे.

एक इलाज डोळ्यांचा आहे. त्याचं नाव ईएमडीआर. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो बाईंनी १९८७ साली तो शोधला. तज्ज्ञ माणूस आधी रोग्याला धीर देतो, सगळं समजावतो. मग भीतीचा तो प्रसंग मनात आणायला सांगतो, आणि समोर दोन बोटं डावी-उजवीकडे हलवतो. मान हलवायची नाही. नजर तेवढी बोटांमागं न्यायची. आपल्या कबनुरात मागावर धोटा धावतो ना, तशी. थोड्या वेळानं थांबायचं, मनात काय आलं ते सांगायचं, पुन्हा सुरू करायचं. अशा काही बैठका होतात. प्रसंग विसरत नाही, त्याची धग कमी होते. डोळे हलवून हे कसं होतं, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण बऱ्याच जणांना गुण येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली या इलाजाची शिफारस केली.

घरी मात्र कुणी बोटं हलवून बघू नका. जुनी भीती उसळली, तर सावरायला शिकलेलं माणूस जवळ लागतं. १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. जवळ कुणाकडं जायचं, ते तिथं विचारा.