बोटांत राहिलेली विद्या

मनुष्य जे शिकतो त्यांतील सर्वांत मोलाचे कोणते, असा प्रश्न मला घालण्यात आला आहे. उत्तरादाखल कुवेतमधील दोन यहुदी भावांची हकीकत सांगतो.

सालेह 1908 साली जन्मले, दाऊद 1910 साली. हिंदुस्थानात व्यापारासाठी गेलेल्या एका नातलगाने या मुलांकरिता एक व्हायोलिन व ऊद नावाचे तंतुवाद्य आणले. कुवेतमध्येच दोघे वादन शिकले. पुढे ते इराकला गेले आणि सालेह यांच्या चाली देशभर गायल्या जाऊ लागल्या. 1951 साली सर्व मागे टाकून ते इस्राएलास आले. तेथे ती कीर्ती कोणास ठाऊक असणार! तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत दुकान चालवून त्यांनी प्रपंच केला. इराकमध्ये चाली वाजत राहिल्या; सद्दामच्या राजवटीत त्यांवरील नाव मात्र पुसले गेले. बोटांतली विद्या तेवढी कोणाला काढून घेता आली नाही.

कोकणात उतरलेल्या आपल्या पूर्वजांपाशी तरी काय उरले होते? ग्रंथ नव्हते, असे आपण ऐकत आलो. शेमा पाठ होता, आणि शनिवारी घाणा बंद राही.

एक गोष्ट मात्र मला सलते. दाऊद यांनी आपल्या मुलांना संगीताच्या वाटेस जाऊ दिले नाही. पोळलेला बाप तसेच करील. मी दोष देत नाही. 1976 साली ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मुलीस पुत्र झाला, दुदू तासा. आजोबांना कधीही न पाहिलेल्या या नातवाने जुनी ध्वनिमुद्रणे ऐकून 2011 साली तीच गाणी अरबीतच पुन्हा गायली.